गॅलरीचे शटर ओढल्यानंतर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी, चौदा वर्षे चालवलेली समकालीन कलेची गॅलरी का बंद केली आणि त्यानंतर क्युरेटर म्हणून, म्हणजे संस्थांसाठी प्रदर्शनातली कामे निवडून ती मांडण्याच्या, कामाला कशी लागले, हे थोडक्यात लिहिले होते. त्या लेखावर आलेल्या काही पत्रांत केवळ कौतुक आहे. त्यांचे मनापासून आभार मानून ती बाजूला ठेवते. काही पत्रांत राग आहे, आणि त्यातले एक येथे मुद्दाम घेतले आहे. सगळ्यांना उत्तरे देणे जागेअभावी शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांवर मला खरोखर काही सांगण्यासारखे आहे असे सात निवडले. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : ताई, लेख आवडला, पण एक गोष्ट उमगली नाही. गॅलरीचा मालक चित्रकार निवडतो, भिंतीवर चित्रे लावतो, निमंत्रणे पाठवतो, चार ओळी लिहितो. क्युरेटरही हेच करतो. मग नावापलीकडे बदलले काय?

हाताने करायच्या कामांपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटर उंचीवर यावा, ही पट्टी दोन्हीकडे तीच असते. उद्घाटनाच्या आदल्या रात्री शिडीवर चढून दिवे फिरवणेही तेच असते. बदलते ते एवढेच की शेवटी हिशेब कोणाला द्यायचा. गॅलरीचा मालक कलावंताच्या वतीने विक्री करतो. चित्र विकले गेले तर आलेली रक्कम वाटून घ्यायची, बहुधा निम्मी-निम्मी. नाही विकले गेले तर जागेचे भाडे, विजेचे बिल आणि छपाईचा खर्च त्याने आपल्या खिशातून सोसायचा. विकत घेणारा माणूस एकच चित्र घरी नेणार असतो, त्यामुळे गॅलरीतल्या प्रत्येक चित्राला एकट्याने उभे राहता आले पाहिजे, आणि जे तसे उभे राहत नाही ते मागच्या खोलीतल्या रॅकवर जाते. क्युरेटरला अशा दुबळ्या चित्राचाही उपयोग असतो. एखाद्या चित्रकाराने दहा वर्षांची शैली सोडून दुसरी धरली, तर त्या वळणावरची दोन-तीन कामे हमखास फसलेली असतात, आणि तीच मांडली नाहीत तर ते वळण प्रेक्षकाला दिसतच नाही. गॅलरीत असताना अशी कामे मी कधीही भिंतीवर लावली नव्हती.

ही सवय किती मुरलेली असते हे मला माझ्या पहिल्याच प्रदर्शनात कळले. गॅलरीत दारासमोरची भिंत ही विक्रीची भिंत. माणूस आत येताच ज्यावर नजर खिळेल असे मोठे, रंगांनी भरलेले चित्र तेथे लावायचे, आणि शक्यतो पहिल्याच संध्याकाळी त्याच्या नावाच्या पट्टीशेजारी ‘विकले गेले’ या अर्थाचा लाल ठिपका चिकटवायचा, म्हणजे बाकीच्यांना घाई वाटते. क्युरेटर म्हणून मांडणी करताना मी नकळत तेच केले. ज्यांचे ते चित्र होते त्या वयस्क चित्रकर्तीबाई दारात उभ्या राहिल्या, भिंतीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘हे विकायचं आहे का?’ विकायचे नव्हते. ते तर एका संग्रहातून उसने आणलेले होते. त्याच रात्री ते उतरवले आणि दारासमोर त्यांच्या वहीतली तीन लहान पेन्सिल-रेखाटने लावली. लोकांना ती वाचायला जवळ जावे लागले, आणि जवळ गेलेला माणूस पुढची खोलीही त्याच संथपणे पाहतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

प्रश्न : गॅलरी सोडून क्युरेटर होणे ही आपली वैयक्तिक वाट म्हणायची, की असे आणखी कोणी केले आहे? नावे सांगावीत.

वाट जुनी आहे, आणि तीवरून गेलेले लोक माझ्यापेक्षा फार मोठे आहेत. तिघांविषयी लिहिते, कारण तिघांनी गॅलरीतून तीन वेगवेगळ्या गोष्टी बरोबर नेल्या.

पहिले वॉल्टर हॉप्स. १९५७ साली त्यांनी शिल्पकार एडवर्ड कीनहोल्झ यांच्याबरोबर लॉस एंजेलिसमध्ये फेरस गॅलरी काढली. पहिल्याच वर्षी कलावंत वॉलेस बर्मन यांच्या प्रदर्शनात अश्लीलतेच्या तक्रारीवरून पोलीस शिरले. पुढच्या वर्षी कीनहोल्झ बाहेर पडले आणि अर्व्हिंग ब्लम भागीदार झाले. ब्लम यांना हिशेब कळत असे, हॉप्स यांना चित्रे. १९६२ मध्ये हॉप्स पॅसाडीना येथील कलासंग्रहालयात क्युरेटर म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांचे संग्रहालयातले पहिले सिंहावलोकनपर प्रदर्शन मांडले. द्युशाँ तेव्हा ७६ वर्षांचे होते. तोवर कोणत्याही संग्रहालयाला हे सुचले नव्हते. हॉप्स यांनी गॅलरीतून नेली ती माणसे ओळखण्याची आणि स्टुडिओच्या पायऱ्या झिजवण्याची सवय. १९७८ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी ‘छत्तीस तास’ नावाचे प्रदर्शन केले : छत्तीस तास ते स्वतः तेथे थांबले आणि जो कोणी दारातून आत येऊ शकेल एवढ्या आकाराचे काम घेऊन आला, त्याचे काम त्यांनी भिंतीवर लावले. गॅलरीवाल्याची निम्मी हयात ‘नाही’ म्हणण्यात जाते. त्याने एकदा तरी असे करून पाहावेसे वाटणे मला अगदी समजते.

येथे ब्लम यांच्याविषयीही दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९६२ च्या जुलैमध्ये त्यांनी फेरसमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, प्रत्येकी शंभर डॉलर. काही विकली गेली, आणि मग ब्लम यांच्या लक्षात आले की ही बत्तीस चित्रे वेगळी करता कामा नयेत. त्यांनी विकलेली परत मिळवली आणि सगळा संच स्वतःकडे ठेवून वॉरहॉल यांना एक हजार डॉलर हप्त्याहप्त्याने दिले. १९९६ पासून तो संच न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. म्हणजे व्यापारी नजर आणि क्युरेटरची नजर या दोन वेगळ्या माणसांतच असतात असे नाही. पुष्कळदा त्या एकाच माणसात असतात आणि त्यांचे आपसात भांडण चाललेले असते.

दुसरे सेथ सिगेलॉब. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये गॅलरी उघडली, १९६६ मध्ये बंद केली. जागा चालवण्यातच सगळी शक्ती जाते हे पाहिल्यावर त्यांनी जागाच रद्द केली. १९६८ मध्ये त्यांनी सात कलावंतांना पुस्तकाची प्रत्येकी २५ पाने दिली आणि ते पुस्तक हेच प्रदर्शन मानले. पुढच्या जानेवारीत चार कलावंतांचे प्रदर्शन भाड्याच्या कार्यालयात केले, तेव्हाही मुख्य गोष्ट कॅटलॉग आणि भिंतीवरच्या वस्तू त्याच्या पुरवणीसारख्या, असा उलटा क्रम लावला. मात्र मला त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते ते १९७१ चे, वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांच्याबरोबर तयार केलेले करारपत्र. कलाकृती पुन्हा विकली गेली आणि किंमत वाढलेली असली, तर त्या वाढीचे १५ टक्के कलावंताला मिळावेत आणि आपले काम कोठे मांडले जात आहे हे त्याला कळवले जावे, असे त्यात होते. ते फारसे वापरले गेले नाही हे खरे, पण कलमे वाचताना हे ज्याने स्वतः विक्रीची बिले फाडली आहेत त्यालाच सुचले असते, हे पदोपदी जाणवते. पुढे सिगेलॉब कलाव्यवहारातूनच बाहेर पडले आणि कापडाच्या इतिहासावरील ग्रंथ जमवण्यात रमले.

तिसरे रेने ब्लॉक. वयाच्या बावीसाव्या वर्षी, १९६४ मध्ये, त्यांनी बर्लिनमध्ये गॅलरी काढली. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या त्यांच्याच जागेत जर्मन कलावंत योझेफ बॉइस एका कोयोटीबरोबर, म्हणजे लांडग्यासारख्या रानटी प्राण्याबरोबर, तीन दिवस राहिले, ती घटना कलेच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. अशा प्रयोगातून विकण्याजोगे काय उरते, हा प्रश्न ब्लॉक यांना पडलाच असेल. १९७९ मध्ये त्यांनी बर्लिनची गॅलरी बंद केली, आणि नंतर १९९० ची सिडनीची व १९९५ ची इस्तंबूलची बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन) त्यांनी केली. स्वतःच्या गॅलरीत ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनाच त्यांनी मोठ्या मंचावर नेले, असा आक्षेप घेता येतो. त्याचे उत्तर पुढच्या एका प्रश्नात देते.

प्रश्न : मी नऊ वर्षे एक लहान गॅलरी चालवतो आहे आणि ती बंद करण्याच्या विचारात आहे. आपण ती कशी बंद केली, कोणत्या क्रमाने, हे कृपया तपशिलाने लिहावे. लेखात आपण हे एका वाक्यात उरकले आहे.

उरकले, कारण तो भाग सांगायला मला थोडी लाज वाटते. ती आता बाजूला ठेवते.

पहिली गोष्ट अशी की गॅलरीतली बहुतेक कामे गॅलरीची नसतात. ती कलावंतांनी विक्रीसाठी ठेवायला दिलेली असतात आणि विकली जाईपर्यंत मालकी त्यांचीच असते. म्हणून सर्वांत आधी प्रत्येक कलावंताच्या नावाने यादी करावी : शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, आजची स्थिती, समोरून आणि मागून काढलेला फोटो. ही यादी आणि देय रकमेचा हिशेब कलावंताच्या हातात पडल्यावरच बंद होण्याची बातमी इतरांना सांगावी. हा क्रम चुकवू नका. आपल्या कलावंताला ही गोष्ट एखाद्या ग्राहकाकडून कळली, तर चौदा वर्षांचा स्नेह एका फोनवर संपतो. मी एकाच्या बाबतीत तो संपवला आहे. त्यानंतर ग्राहकांची राहिलेली प्रमाणपत्रे आणि बिले द्यावीत. जागेच्या मालकाला आणि छापखान्याला सर्वांत शेवटी कळवले तरी चालते. ती मंडळी आपण न सांगताही ओळखतात.

आता लाजेची गोष्ट. यादी करायला बसले तेव्हा तीन चित्रे वहीत होती आणि रॅकवर नव्हती. पहिले फ्रेम करणाऱ्याकडे निघाले. चार वर्षे त्याच्या भिंतीला टेकून उभे होते आणि काचेला कडेने बुरशी धरली होती. दुसरे एका ग्राहकाकडे होते, ‘आठवडाभर घरी लावून पाहतो’ म्हणून नेलेले; त्यांना ते आपण विकत घेतले आहे असेच वाटत होते, आणि प्रामाणिकपणे वाटत होते. तिसरे सापडले नाही. कागदावरचे शाईचे काम, साधारण दोन वीत लांब, एका तरुण शिल्पकाराने शिल्पाची तयारी म्हणून केलेले. मी त्याला पूर्ण किंमत दिली, गॅलरीचा वाटा न कापता. त्याने ती घेतली आणि म्हणाला, ‘पैसे ठीक आहेत, पण त्यात हाताचं एक वळण होतं, ते मला पुन्हा जमलं नाही.’ यावर देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

म्हणून माझा आग्रह असा की बंद करण्याचा निर्णय झाला की नाही याची वाट न पाहता आजच ही यादी करायला घ्या. बाहेर गेलेल्या प्रत्येक कामाची पावती हवी, ते शेजारच्या गल्लीत गेले असले तरी. या कामाचा पुढे क्युरेटर म्हणून जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. उसनी कामे मागताना संग्राहक आणि संग्रहालये पहिल्यांदा हेच पाहतात, की या व्यक्तीकडे गेलेली वस्तू कोठे आहे हे तिला कोणत्याही क्षणी सांगता येईल का.

प्रश्न : आपल्या लेखातला प्रामाणिकपणाचा सूर मला पटला नाही. ज्या कलावंतांची चित्रे आपण कालपर्यंत विकत होता, त्यांनाच आज संस्थेच्या पैशाने मांडायचे, म्हणजे त्यांच्या किमती वाढणार, आणि आपल्या कपाटातल्या चित्रांच्याही. याला क्युरेटर म्हणायचे की मागच्या दाराने आलेला दलाल?

पत्र तिखट आहे, पण प्रश्न योग्य आहे आणि तो विचारल्याबद्दल माझा राग नाही. संग्रहालयात मांडले गेल्याने कलाकृतीचे वजन वाढते, आणि पुढे विकताना तिच्या मालकीच्या व प्रदर्शनांच्या इतिहासात ती एक ओळ ठळकपणे छापली जाते. हे नाकारणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा लबाड. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे आयकॉमच्या आचारसंहितेत संग्रहालयात काम करणाऱ्यांनी कला व वारसा-वस्तूंच्या नफ्यासाठीच्या खरेदी-विक्रीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग घेऊ नये, असे आहे ते याच कारणाने. २०१० साली न्यूयॉर्कचे गॅलरीमालक जेफ्री डाइच लॉस एंजेलिसच्या समकालीन कलेच्या संग्रहालयाचे संचालक झाले, तेव्हा १९९६ पासून चालवलेली आपली गॅलरी त्यांना बंद करावी लागली. तरीही संशय पुरता फिटला नाही, आणि तीन वर्षांत पद सोडून ते पुन्हा गॅलरीकडे वळले. त्याच संग्रहालयाचे मुख्य क्युरेटर पॉल शिमेल २०१२ मध्ये तेथून बाहेर पडले ते पुढे एका मोठ्या गॅलरीत भागीदार झाले. या दारातून माणसे दोन्ही दिशांनी जातात.

मी काय करते ते सांगते. पुरेसे आहे की नाही हे आपण ठरवा. कोणत्याही संस्थेशी पहिली बैठक होण्याआधी मी तीन गोष्टींची लेखी यादी देते : माझ्या मालकीच्या कलाकृती, मी पूर्वी ज्यांची कामे विकली ते कलावंत, आणि जुन्या व्यवहारातले अजून येणे असलेले पैसे. गॅलरी बंद केल्यानंतर पहिली दोन वर्षे माझ्या जुन्या कलावंतांपैकी एकालाही मी मांडले नाही. ते त्यांच्यावर अन्यायकारक होते, कारण त्यांचे काम मला सर्वांत चांगले ठाऊक होते, आणि ज्या वयात त्यांना मोठ्या जागेची गरज होती नेमक्या त्याच वयात मी पाठ फिरवली. पण संशयाची किंमत कोणीतरी मोजायचीच होती. ब्लॉक यांच्याविषयीच्या आक्षेपालाही माझे उत्तर असेच अर्धवट आहे : वीस वर्षे ज्याचे काम पाहिले त्याला केवळ ओळख आहे म्हणून वगळणे हा निवडीतला दोषच, मात्र ती ओळख प्रेक्षकापासून लपवणे हा त्याहून मोठा.

एकदा माझेही चुकले आहे. एका प्रदर्शनात माझ्या मालकीचे लहान शिल्प होते. संस्थेला ते लेखी माहीत होते, पण भिंतीवरच्या पट्टीवर रिवाजाप्रमाणे ‘खासगी संग्रह’ एवढेच छापले. एका प्रेक्षकाने विचारले, ‘कोणाचा?’ आणि मी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबले. तो क्षण मला पुरला. तेव्हापासून स्वतःच्या मालकीचे काहीही मी स्वतःच्या प्रदर्शनात मांडत नाही.

एक मात्र जोडते. हा संशय केवळ माजी गॅलरीमालकांवर ठेवू नका. प्रदर्शनाच्या वाहतुकीचा आणि कॅटलॉगचा खर्च कलावंताची गॅलरी उचलते, संस्थेच्या विश्वस्तांच्या घरी त्याच कलावंताची कामे टांगलेली असतात, असे सर्रास घडते, आणि तेथे क्युरेटर कधीच दुकानात बसलेला नसतो.

प्रश्न : क्युरेटर होण्यासाठी पदवी लागते का? आपण तर थेट गॅलरीतून आलात.

आता अनेक ठिकाणी अभ्यासक्रम आहेत. फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथील १९८७ चा आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधला १९९२ चा, हे त्यांतले आरंभीचे. त्याआधीची पिढी आपापल्या वाटेने आली. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या प्रदर्शनसंस्थेत गाजलेले प्रदर्शन करून नंतर त्या संस्थेचा राजीनामा देणारे आणि स्वतंत्र क्युरेटर ही भूमिकाच रूढ करणारे हाराल्ड झेमान नाटकाकडून आले होते. मोठ्या संग्रहालयात नोकरी हवी असेल तर पदवी घ्यावी. स्वतंत्रपणे काम करायचे असेल तर पदवीपेक्षा तुम्ही केलेली दोन प्रदर्शने जास्त बोलतात.

मात्र गॅलरीतून आलेल्याला काही गोष्टी विसराव्या लागतात. मला प्रकाश विसरावा लागला. विकणाऱ्याला चित्र झळझळीत दिसायला हवे असते, म्हणून मी सगळे दिवे पूर्ण लावत असे. कागद, जलरंग, कापड यांच्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात आणि तैलरंगासाठी २०० च्या, हे मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि आपण किती जलरंगांचे आयुष्य कमी केले असेल याचा हिशेब करायचे टाळले. दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे भाषा. माझा पहिला भिंतीवरचा मजकूर वीस ओळींचा होता. संस्थेतल्या ज्येष्ठ क्युरेटर सरांनी काही न बोलता पेन्सिल घेतली आणि ‘विलोभनीय’, ‘अद्वितीय’, ‘काळाला छेद देणारी’ अशी एकेक विशेषणे खोडत गेले. सात ओळी उरल्या, आणि त्यांत चित्रकर्ती कोण, तिने कोणत्या वर्षी काय सोडून काय धरले, एवढे आले. बाकीचे तेरा ओळींचे विक्रीपत्रक होते.

प्रश्न : विक्री नाही, मग क्युरेटरचे पोट कशावर चालते?

मानधनावर, आणि ते गॅलरीच्या चांगल्या वर्षातल्या मिळकतीपेक्षा कमी व वाईट वर्षातल्या मिळकतीपेक्षा जास्त असते. मी ते तीन हप्त्यांत मागते : करारावर सही होताना, कामांची यादी मंजूर झाल्यावर आणि उद्घाटनाच्या दिवशी. शेवटचा हप्ता प्रदर्शन संपल्यावर घेण्याचे मान्य करू नये. तोवर संस्थेचे लक्ष पुढच्या प्रदर्शनाकडे गेलेले असते. विक्रीवर टक्केवारी देऊ केली गेली तर नाकारावी, मग ती कितीही सभ्य शब्दांत मांडलेली असो, नाहीतर वरच्या तिखट पत्रातला शब्द आपल्याला लागू होतो. आणि वेळ मोजताना संग्रहालयाकडून एखादे काम उसने मागायला सहा महिने ते वर्ष लागते, त्यातला पत्रव्यवहार, विमा आणि स्थितिदर्शक अहवाल हे सगळे त्याच मानधनात बसवायचे असते, हे विसरू नये.

प्रश्न : माझ्या दिवंगत आईची गॅलरी होती. घरात वह्या, फोटो, पत्रे, निमंत्रणे यांचे अकरा खोके आहेत. रद्दीत देऊ का?

देऊ नका. न्यूयॉर्कचे गॅलरीमालक लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीचे दप्तर २००७ साली अमेरिकेच्या कलादप्तरखान्याला दिले गेले आणि आज अभ्यासक ते वापरतात. झेमान यांचे कागद २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेकडे गेले. १९६९ चे ते प्रदर्शन २०१३ साली व्हेनिसमध्ये जसेच्या तसे पुन्हा उभे करता आले, त्याला तेथील कागदपत्रांचा आणि फोटोंचा आधार होता. आपल्या आईंची गॅलरी एवढी प्रसिद्ध नसेल, पण कोणत्या वर्षी कोणाचे चित्र कोणी घेतले हे तिच्या वहीखेरीज कदाचित दुसरीकडे कोठेही नसेल, आणि बनावट चित्र ओळखताना अशीच एखादी ओळ कामी येते. खोक्यांतला क्रम बदलू नका. त्यांनी जे कागद एकत्र ठेवले ते एकत्रच असू द्या. रबरबँड आणि लोखंडी टाचण्या काढा, फोटो प्लॅस्टिकच्या जुन्या पाकिटांत असतील तर बाहेर घ्या, आणि ग्राहकांचे खासगी पत्ते असलेली पाने वेगळी नोंदवून ठेवा, म्हणजे दप्तर कोणा संस्थेला देताना ती किती वर्षे बंद राहावीत हे ठरवता येईल.

पण या सगळ्याआधी एक काम करा. त्यांत गुळगुळीत कागदावरचे जुने फॅक्स असतील, त्यांच्या झेरॉक्स आजच काढून घ्या. तो कागद वर्षागणिक कोरा होत जातो. माझ्या खोक्यांत असा एक निघाला. शिल्पकाराचे नाव वाचता येते, ‘शाई, कागद’ हे वाचता येते, आणि त्याखाली चित्र कोणाकडे पाठवले ते लिहिलेली ओळ होती, तिच्यातला फक्त शेवटचा आकडा उरला आहे.